गाईच्या आधी

"रिकामं ताट वापस आलं तं चालते, भरलं ताट वापस येऊ नये."

सत्यभामा हे एकदा अंगणवाडीत तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती, नव्याने रुजू झालेल्या सेविकेला. सेविकेने मान हलवली आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं. तिला वाटलं, मदतनीस बाई शेजारधर्माचं काहीतरी सांगत आहेत. सांगतही तेच होती. पण त्या वाक्याच्या पोटात एक गाय उभी होती, हे सेविकेला कुठून कळणार.

बाभुळगावच्या कडेला, यवतमाळच्या रस्त्याला लागून एक जुनं लेआउट आहे. तिथल्या शेवटच्या गल्लीत दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. यंदा त्या भिंतीवर काही नाही. सिमेंट उघडं पडलं आहे आणि मागच्या वर्षीच्या वेलाचे वाळके तणावे त्याला चिकटून राहिले आहेत. गेली तीस वर्षं या भिंतीवर कोहळ्याचा वेल असायचा. इकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात.

सत्यभामा कळंबजवळच्या एका खेड्यातली. छप्पन साली तिचे वडील आणि आजोबा पायी नागपूरला गेले होते. दीक्षा घेऊन परतले तेव्हा पाय सुजलेले होते आणि घरात सण करण्यासारखं काही नव्हतं. गुळाचा खडा होता आणि छपरावर एक कोहळं पिकलेलं होतं. आजीने ते किसलं, गुळात शिजवलं, कणीक मिसळून तेलात सोडलं. कोहळ्याची बोंडं झाली. तेव्हापासून त्या घरात दसऱ्याला, धम्मचक्राच्या दिवशी, दुसरं काही होवो न होवो, बोंडं व्हायची. सत्यभामा सासरी आली ती त्याच कोहळ्याच्या बिया पदराला बांधून. आईने लग्नात दिलेल्या वस्तूंपैकी तेवढीच एक पुढे टिकली.

नवरा डोमाजी तहसीलमध्ये शिपाई होता. त्र्याण्णव साली त्याने लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि दोन खोल्या उठवल्या. मागे बारा हात जागा उरली. नळाला सहा दिवसांनी पाणी यायचं, तरी सत्यभामाने त्या जागेत वाल लावला, अंबाडी लावली, शेवगा, कढीपत्ता, झेंडू. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं नाली काढून झाडांकडे नेलं. डोमाजी म्हणायचा, "आपल्या घरात पाण्याले बी ड्युटी हाये."

शेजारी रामधन राहायला आला. एसटीत ड्रायव्हर. बायको लालीबाई, महागावकडच्या तांड्यावरची, उंच, हसरी, हातभर बांगड्या घातलेली. सोबत सासू भुरीबाई आणि एक गाय. तेव्हा भिंत नव्हती, तारेचं कुंपण होतं.

पहिल्याच दसऱ्याला सत्यभामाने ताट नेलं. स्टीलचं ताट, काठावर तिचं नाव कोरलेलं, वर पांढरा रुमाल. लालीबाईने दोन्ही हातांनी घेतलं. संध्याकाळी सत्यभामा कुंपणापाशी वालाच्या शेंगा तोडत होती. तिला गाईच्या टोपल्यात काहीतरी केशरी दिसलं. गाय सावकाश खात होती. एक बोंड घरंगळून शेणात गेलं होतं. गाईने तेही शोधून काढलं.

ताट दुसऱ्या दिवशी आलं. राखेने घासलेलं, लखलखीत, आणि रिकामं पाठवू नये म्हणून त्यात ओंजळभर ज्वारी.

सत्यभामाने डोमाजीला सांगितलं नाही. भांडणही केलं नाही. ती फक्त कुंपणापाशी गेली आणि लालीबाई धुणं वाळत घालत होती तिला म्हणाली, "काय वो लालीबाई, गाईनं काय म्हणलं? गूळ कमी तं नाही झाला?"

लालीबाईच्या हातातलं लुगडं मातीत पडलं. आत भुरीबाई खोकत होती.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी, भर सकाळी, गल्लीत पाण्याच्या घागरींची रांग लागलेली असताना लालीबाई सत्यभामाच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, राह्यले काय दोन?" त्यांच्या बंजारी गोरबोलीत मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"कायचे?"

"बोंडं."

"शिळे झाले आता."

"शिळे तं शिळे. आण."

सत्यभामाने डब्यातलं एक आणून दिलं. लालीबाईने ते घरात बसून खाल्लं नाही. रस्त्यावर उभी राहिली, सगळ्या गल्लीसमोर, ओट्यावर बसलेल्या आपल्या सासूच्या डोळ्यांत बघत तिने ते अख्खं बोंड खाल्लं. भुरीबाई ओट्यावरून काय काय ओरडली ते गल्लीला कळलं नाही, पण काय म्हणत होती ते सगळ्यांना समजलं. लालीबाईने बोटं चाटली. भरल्या तोंडाने म्हणाली, "गूळ बरोबर हाये."

त्या दिवसापासून एक रीत पडली. सत्यभामाने ताट आणायचं. लालीबाईने रुमाल उचलायचा, आणि सत्यभामा उभी असतानाच पहिला घास तोंडात टाकायचा. टाकताना म्हणायचं, "गाईच्या आधी मी." मग दोघींनी हसायचं. भुरीबाई गेली, गाय विकली, कुंपणाच्या जागी भिंत आली. भिंत दोघा नवऱ्यांनी मिळून बांधली आणि बायकांनी उंची ठरवली: हातात ताट घेऊन हात पोचला पाहिजे. वाक्य मात्र तेच राहिलं. गल्लीतल्या नव्या सुनांना वाटायचं, ही कसली गाय?

कोहळ्याचं मूळ सत्यभामाकडे आणि वेल भिंतीवरून दोन्हीकडे. ज्या बाजूला फळ धरेल ते त्या घरचं, यावर कधी तंटा झाला नाही. बियांची रीत वेगळी होती. दसऱ्याचं ताट लालीबाई लगेच परत करायची नाही. आपल्या बाजूचं पिकलेलं कोहळं कापून ती बिया धुवायची, राख लावून उन्हात वाळवायची आणि दिवाळी झाली की त्याच ताटातून सत्यभामाकडे पाठवायची. पुढच्या पावसाळ्यात सत्यभामा त्याच बिया टोचायची. आईच्या पदरातलं बी असं दरवर्षी एकदा लालीबाईच्या घरी जाऊन यायचं.

माणसाला यापेक्षा जास्त काय मिळतं? सत्यभामाला वाटायचं, आपल्याला मिळालं. वडील पायी नागपूरला गेले ते यासाठीच गेले असतील.

डोमाजी बारा वर्षांपूर्वी ऑफिसातच खुर्चीवरून पडला आणि गेला. मुलगा संघर्ष पुण्याकडे कंपनीत लागला. मुलगी दीपमाला वर्ध्याला दिली. दोन खोल्यांत सत्यभामा एकटी राहिली आणि तिची ताटं वाढली. आधी दसरा होता, बुद्धपौर्णिमेची खीर होती, चौदा एप्रिलचे लाडू होते. मग पोळा आला, राखी आली, कोणाच्या नातवाचं बारसं आलं, काहीच नसलं तर रविवार आला. एका माणसापुरतं रांधता येत नाही असं ती म्हणायची. खरं म्हणजे ताट घेऊन दाराबाहेर पडण्यासाठी काहीतरी रांधावं लागायचं.

याच काळात लालीबाई वाळायला लागली.

आधी बांगड्या सैल झाल्या. मग गाल बसले. सत्यभामाने अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं पोरांना वजनकाट्याच्या झोळीत टाकलं होतं. लाल रेषेखालची पोरं तिने नजरेनेच ओळखली होती, सेविकेने तक्ता भरायच्या आधी. माणूस वाळतो याचं एकच कारण तिला ठाऊक होतं, आणि त्याला उपायही एकच होता.

"सून जेवाले देत नाही काय वो तुले?" ती भिंतीवरून विचारायची.

"देते ना. तूच पाह्य, कशी हत्तीण झाली मी."

"हत्तीण म्हणे. थांब, खीर आणतो."

लालीबाई खायची. सत्यभामासमोर, उभ्याने, पहिला घास. मग तांब्याभर पाणी प्यायची, कधी दोन तांबे. सत्यभामाला वाटलं, बोंडं कोरडी होत असतील, घशात अडकत असतील. तिने गूळ वाढवला. पुढे पुढे तर ती बोंडं तळून वरून पाक सोडायला लागली.

मागच्या वर्षी श्रावणात दीपमालाच्या बाळंतपणासाठी सत्यभामा वर्ध्याला गेली. वेल तेव्हा भिंतीवर चढून फुलायला लागला होता. जाताना तिने लालीबाईला सांगितलं, "लक्ष ठेवजो." लालीबाईने ठेवलं. वेलाखालचं गवत काढताना तिच्या पायात बाभळीचा काटा गेला. काटा निघाला, पण जखम भरेना. आधी हळद झाली, मग मलम झालं, मग यवतमाळचा मोठा दवाखाना. फोनवर रामधन एवढंच म्हणाला, "पायाचं आपरेशन झालं, बाई. तुम्ही पोरीकडं पाहा." सत्यभामाने विचारलं, बोलते का ती? रामधन म्हणाला, बोलते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सत्यभामा परत आली. लालीबाईलाही त्याच दुपारी घरी आणलं होतं. दार लोटलेलं होतं, झोपली आहे असं रामधनने सांगितलं. सत्यभामा भिंतीपाशी गेली. वेलावर तिच्या बाजूला तीन कोहळी होती आणि पलीकडे एक, मोठं, खाली विटेचा टेकू दिलेलं. टेकू लालीबाईने दिला असणार. फळाचा देठ वाळला होता. म्हणजे पिकलं होतं.

सकाळी पांढरं लुगडं नेसून ती विहारात गेली, वंदना झाली, परत आली आणि किसायला बसली. दुपारपर्यंत बोंडं झाली. नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड, आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते म्हणून. तिने नाव कोरलेलं ताट काढलं, रुमाल टाकला. भिंतीवरून देण्यासारखं आज नव्हतं. ती रस्त्याने, पुढच्या दाराने गेली.

लालीबाई पुढच्या खोलीत खाटेवर टेकून बसली होती. अंगावर गोधडी होती. सत्यभामाने पहिल्यांदा चेहरा पाहिला. चेहरा नव्हताच, डोळे होते. मग नजर गोधडीवरून खाली गेली. एका जागी गोधडी उंच होती. शेजारी ती सपाट होती, गुडघ्याच्या जरा खालून पार खाटेच्या कडेपर्यंत.

"ये बाई," लालीबाई म्हणाली. "पाह्य, अर्धं सामान यवतमाळले ठिवून आली. एसटीत जागा नोहोती."

रामधन खिडकीशी बसला होता. तो हसला नाही.

"मले काहून नाही सांगतलं?" सत्यभामा म्हणाली. "मले पाय म्हणलं, मले वाटलं हाड गिड मोडलं."

"सांगून काय केलं असतं? शिवून देणार होती काय? पोरगी कशी आहे? नातू झाला म्हणे."

"नातू. तीन किलो."

"तीन किलो! हिनं तोलला असन पाह्य आधी," लालीबाई रामधनकडे बघून म्हणाली. मग तिने ताटाचा वास घेतला. "आणले ना बोंडं? आण. सव्वा महिना झाला, नुसतं सलाईन पेऊन राह्यली मी."

सत्यभामा पुढे झाली. लालीबाईने रुमालाला हात घातला.

"आई, नाही." आतून सून आली. रंजिता. तिच्या हातात पिठाचा गोळा तसाच होता.

"तू जाय आत."

"जात नाही. आज नाही जात." रंजिता सत्यभामाकडे वळली. ती भांडायला आली नव्हती. "काकू, हात जोडतो तुमाले. नका आणत जाऊ. आईले शुगर हाये."

"रंजिता!"

"चारशे, पाचशे राहाते. डॉक्टरनं सांगतलं, दुसरा पायही..."

सत्यभामाला आधी काही कळलंच नाही. अंगणवाडीत शुगर नव्हती. तिथे फक्त वजन होतं. "कवापासून?" तिने विचारलं.

"सात वर्ष झाले."

बाहेर कोणीतरी आपट्याची पानं घेऊन आलं, दार लोटलेलं पाहून परत गेलं.

"सात वर्ष," सत्यभामा म्हणाली. "अन् तू खात राह्यली."

"एकानं काय होते."

"एक?" रंजिता म्हणाली. "खिरीच्या वाट्या कोण मोजन? आमी म्हणत होतो, काकूले सांगा, काकू समजदार हाये. तुमची पाठ फिरली का आई पदराआड गोळी गिळे. माह्ये मालक म्हणत, मी जाऊन सांगतो. तं आईनं शपथ घातली सगळ्याईले. म्हणे, गल्लीत कोणालेही नाही म्हणीन, तिले नाही म्हणता येत नाही."

"काहून?" सत्यभामाने हे रंजिताला विचारलं नाही. ती लालीबाईकडे बघत होती. "काहून नाही म्हणता येत, लाली?"

लालीबाईने रुमालाचं टोक सोडलं नव्हतं. ती ते बोटाला गुंडाळत होती. "तुले काय वाटलं असतं?"

"काय वाटलं असतं?"

"तेच," लालीबाई म्हणाली. "गाय."

सत्यभामा उभी होती. ताटाखालचा तिचा तळवा भाजत होता, बोंडं अजून गरम होती.

तीस वर्षं ती समजत होती की गाय विकली गेली. भुरीबाई गेली, कुंपण गेलं, भिंत आली, भिंतीवर वेल आला, लेकरं या घरातून त्या घरात जेवून मोठी झाली. तिने एकदा, फक्त एकदा, कुंपणावरून एक टोमणा मारला होता. तो तिच्या तोंडून निघाला आणि तिच्यापुरता संपला. तिला त्याचा अभिमानच होता; रडली नाही, भांडली नाही, हसत विचारलं आणि जिंकली. तो टोमणा भिंतीपलीकडे दररोज जेवायला बसत होता हे तिला माहीत नव्हतं. तिचं ताट तिथे प्रेमाने उचललं जात होतं की भीतीने? दोन्ही असेल. पण ज्या बाईला तीस वर्षांनंतरही आपल्याला साधं 'नको' म्हणता आलं नाही, ती आपली कोण होती? ती खात होती की फेडत होती?

आणि आपण काय पाहत होतो, समोर उभं राहून, दर वेळी, पहिला घास तोंडात जाईपर्यंत? शेजारीण जेवते का ते पाहत होतो, की अजून एकदा खात्री करून घेत होतो?

शेणात घरंगळलेलं ते बोंड तिला आठवलं. गाईने ते आनंदाने खाल्लं होतं. गाईला काही झालं नाही.

"बाई, अशी कायले पाह्यते?" लालीबाई म्हणाली. "पाय तं काट्यानं गेला. डॉक्टर म्हणतेच काहीबाही. त्याईले काय, त्याईले फी पाह्यजे. आण इकडं. एक खातो. दसरा हाये तुमचा. तुझ्या बापाचा दिवस हाये."

रामधन उठून बाहेर ओट्यावर गेला.

"एक देता काय, काकू?" रंजिता रडत म्हणाली. "द्या. तुमीच द्या मंग. मी नाही बोलत."

लालीबाईने रुमाल ओढला. बोंडं उघडी पडली, लालसर, पाकाने चकाकणारी. तिने हात पुढे केला. हात सरळ येत नव्हता, आणि चेहऱ्यावर तीच जुनी, गल्लीसमोर उभी राहिलेल्या बाईची हिंमत आली होती. ती हसली.

"गाईच्या आधी..."

सत्यभामाने ताट मागे घेतलं.

लालीबाईचा हात हवेत राहिला. तिला आधी वाटलं, सत्यभामा ताट दुसऱ्या हातात घेत आहे. मग तिला कळलं.

"बाई? रागावली काय?"

सत्यभामाने खाटेवर पडलेला रुमाल उचलला. झटकला. ताटावर टाकला, चारही टोकं नीट ओढून घेतली, एकही बोंड दिसू दिलं नाही.

"अव, तसं नाही व माय. तुले सोडून मी कोणाच्या हातचं... अव थांब. कोहळं पिकलं माह्या बाजूचं, बिया काढाच्या हायेत. ताट तं ठिव. बिया कायच्यात देऊ? सत्यभामा!"

सत्यभामा उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. दोन्ही हातांत भरलं ताट होतं, म्हणून लोटलेलं दार तिने खांद्याने ढकललं, आणि ती बाहेर पडली.